डोंगरटोळीचं पथ्य

काटासाहेब निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण वजनमाप खात्यातल्या नोकरीनं चिकटवलेलं हे नाव काही निवृत्त व्हायला तयार नव्हतं. उमेदीच्या काळात ते बाजारातून नुसते चालत गेले तरी दुकानदार लगबगीनं तराजू पुसायला लागत. पारड्याखाली चिकटवलेलं मेण असो की आतून कोरलेलं वजन, काटासाहेबांना ते लांबूनच कळायचं. 'समोरच्याच्या चेहऱ्यावरून काटा वाचतो हा माणूस,' असं खात्यात म्हणत. घरात असं कुणी म्हणत नसे. घरात त्यांचा चेहरा वाचणारी बायको होती.

अशा सरळमार्गी माणसाच्या रक्तात साखर निघावी, हा त्यांना निसर्गानं केलेला वैयक्तिक अपमान वाटला. डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि पथ्य सांगितलं. चालणं काटासाहेबांच्या वाट्याला आलं आणि पथ्य बायकोनं ताब्यात घेतलं. बायकोनं आयुष्यभर शिवणकामाचा क्लास चालवलेला. गाजर चिरतानाही तिचा हात सूतभर इकडचा तिकडे होत नसे. रोज सकाळी ती तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा भरायची. वरच्या कप्प्यात मोड आलेली कडधान्यं, मधल्यात गाजर आणि काकडी, आणि खालच्यात उकडलेला भोपळा. मीठ कशातच नाही.

"टाकीपर्यंत चढायचं, बाकावर बसून सगळं खायचं आणि मग उतरायचं," असा हुकूम होता.

काटासाहेब गावामागच्या डोंगरावर जुन्या पाण्याच्या टाकीपर्यंत चढत. तिथं एक सिमेंटचा बाक होता. सुरुवातीला त्यांनी डबा खाल्लाही. पुढं एका सकाळी भोपळ्याकडे बघत ते निराश बसले असताना एक म्हातारी माकडीण येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि तीही भोपळ्याकडे बघायला लागली. तिच्याही चेहऱ्यावर तीच निराशा होती. पण वरच्या कप्प्याबद्दल तिचं मत वेगळं असावं, असं तिच्या मानेवरून वाटत होतं.

काटासाहेबांनी तिला काही दिलं नाही. ते तत्त्वाचे पक्के होते. त्यांनी फक्त डबा उघडा ठेवला आणि दरीकडे तोंड करून निसर्ग बघितला. परत वळले तेव्हा कडधान्यं आणि गाजरं संपली होती. माकडांना खायला घालणं वेगळं आणि डबा उघडा ठेवून निसर्ग बघणं वेगळं. नोकरीत असताना कुणा दुकानदारानं हा मुद्दा मांडला असता तर त्यांनी त्याच्यावर खटला भरला असता, ते सोडा.

भोपळा माकडंही खात नव्हती. तो झुडपात टाकावा लागे. मग रिकामा डबा हलवत काटासाहेब पलीकडच्या उतारानं खाली यायचे. तिथं एक बेकरी होती. बेकरीवाला त्यांना बघितलं की न विचारता लोण्याची बिस्किटं बशीत काढायचा आणि चहात साखर जास्त घालायचा. घरी आल्यावर बायको डबा उघडून आत वाकून बघायची.

"सगळं खाल्लंत?"

"एक कण नाही उरला," काटासाहेब म्हणायचे. हे अक्षरशः खरं होतं.

असं सगळं सुखानं चाललं होतं. अडचण एवढीच होती, की त्यांची सून माकडांचा अभ्यास करत होती.

मुलगा परगावी पूल बांधायचा आणि सणासुदीसारखा अधूनमधून घरी यायचा. सूनबाई मात्र घरीच असे. सकाळी कॉलेजात विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिकं घ्यायची आणि दुपारी माकडांच्या मागे फिरायची. त्यांच्यावर तिचा प्रबंध चालला होता. गावाभोवतीचं जंगल कमी होतंय, एका बाजूनं खाण आणि दुसऱ्या बाजूनं वसाहत डोंगर कुरतडतेय. अशा वेळी माकडांची वागणूक कशी बदलते आणि त्यांच्या शरीरात आतून काय होतं, हा तिचा विषय. तिनं दोन टोळ्या धरल्या होत्या. गावटोळी कचराकुंड्या आणि खानावळींच्या मागच्या दारांवर जगायची. डोंगरटोळी रानातलं खायची आणि माणसाच्या वाऱ्याला उभी राहायची नाही. निदान प्रबंधात तरी राहत नव्हती.

या अभ्यासाचा घराशी संबंध फ्रीजरपुरता होता. कॉलेजातला फ्रीजर बिघडला, की माकडांच्या लेंड्यांच्या आणि लघवीच्या कुप्या घरी येत आणि मटारच्या शेजारी राहत. सासूबाईंनी एकदाच विचारलं होतं, "झाकणं घट्ट आहेत ना गं?" आणि मग त्या विषयाला घट्ट झाकण लावलं होतं. फ्रीजच्या दारावर सूनबाईनं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं: 'माकडांना खायला घालू नये.' काटासाहेब पाणी प्यायला गेले की हे वाक्य वाचत आणि मान डोलवत.

त्या वर्षी उन्हाळा कडक होता. एका संध्याकाळी सूनबाई घरात आली ती चपला काढायचं विसरूनच.

"आई, बाबा, मला काहीतरी सापडलंय!"

"चपला," सासूबाई म्हणाल्या.

चपला बाहेर ठेवून, हात धुऊन ती जेवायला बसली, पण घास तोंडात जाईना. "दर उन्हाळ्यात डोंगरटोळी वाळते. रानात खायला काही नसतंच ना. यंदा तर उन्हाळा इतका वाईट, आणि तरी टोळी वाळलेली नाही! लघवीत एक द्रव्य असतं बघा, अंगात खाणं शिल्लक असलं की ते वाढतं आणि उपासमार झाली की..."

"जेवताना लघवी नको गं."

"बरं, मग लेंडीचं सांगते. त्यात ताणाचं द्रव्य..."

"त्यापेक्षा लघवीच बरी," सासूबाई म्हणाल्या.

"तर लघवीतलं ते द्रव्य भरपूर आहे! जणू रोज सकाळी कुणीतरी त्यांना जेवायला वाढतंय."

काटासाहेबांना ठसका लागला. बायकोनं पाण्याचा पेला पुढं केला आणि त्यांच्याकडे जरा निरखून बघितलं.

"पण रानात खाणं नाही," सूनबाई पुढं म्हणाली, "म्हणजे त्यांच्या शरीरानंच मार्ग काढलाय. माझी माकडं दुपारी तासन्‌तास सावलीत पडून असतात. भांडण नाही, धावपळ नाही. कमी खाण्यात भागवायला शिकलंय त्यांचं शरीर. मॅडम म्हणाल्या, हे असं कुणी दाखवलेलं नाही. शिवाय लेंडीत एका कडधान्याची टरफलं मिळाली आहेत. वनस्पतिशास्त्राच्या सरांना दाखवली, तर म्हणाले, ही एखादी अज्ञात रानवेल असणार. ते रोज भिंग घेऊन डोंगरावर शोधतायत."

काटासाहेब ताटाकडे बघत राहिले. पोटभर न्याहारी झाल्यावर दुपारी तासन्‌तास सावलीत पडून राहणं हे त्यांना शास्त्रीय कोडं वाटत नव्हतं. ते स्वतःही तेच करत. सूनबाई डोंगरावर केव्हा जाते हे त्यांना नेमकं माहीत होतं, आणि ती यायच्या खूप आधी आपण उतरायचं हा त्यांचा नेम होता. पूर्वी दुकानदार त्यांच्या फेरीची वेळ अशीच पाठ करत.

ताटावरून उठताना त्यांनी मनाशी ठरवलं. बोलायचं काही नाही. नुसतं बंद करायचं. माकडं आपोआप वाळतील, पोरगी नव्यानं मोजेल, चूक तिची तिलाच दिसेल, आणि डबा, बेकरी, निसर्ग यांतलं काहीच कुणाला कळायचं कारण नाही. खोट्या वजनाचे दुकानदारही धाड पडायच्या आदल्या दिवशी असंच म्हणत: साहेब, उद्यापासून बंद.

ते टाकीकडे जायचे थांबले. घरून डबा घेऊन निघायचे, वसाहतीच्या बाजूनं फेरी मारायचे, आणि डबा एका गाईपुढं रिकामा करायचे. गाय भोपळाही खायची. काटासाहेबांना तिच्याबद्दल फार आदर वाटला.

पुढच्याच आठवड्यात सूनबाई उतरलेल्या चेहऱ्यानं जेवायला बसली.

"डोंगरटोळीचा ताण एकदम वाढलाय. लेंडी कालची बातमी सांगते बाबा, आजची नाही. म्हणजे आदल्या दिवशी सकाळी तिथं काहीतरी घडत असणार. टाकीजवळ नुसती घिरट्या घालतात, एकमेकांना चावतात. म्हातारी तर त्या बाकावर बसून असते, हलतच नाही. कुणी फासे लावायला येतंय का तिथं? तुम्ही सकाळी जाता ना, कुणी दिसलं?"

"मला?" काटासाहेब म्हणाले. "मला कोण दिसणार?"

"रखवालदार बसवायला सांगते मी."

दुसऱ्या दिवशी काटासाहेब डबा घेऊन टाकीवर हजर झाले. म्हातारी बाकावर होती. तिनं त्यांच्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ती नजर त्यांच्या ओळखीची होती. उशिरा घरी गेल्यावर हीच त्यांना दारात भेटायची. त्यांनी डबा ठेवला. निसर्ग बघायला वळेपर्यंतही तिला धीर नव्हता. तिनं दोन्ही हातांनी कडी दाबली, खटकन उघडली आणि कप्पे सुटे करून मांडले. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. बघून बघून आलं होतं.

आठवड्यानं सूनबाई उडतच आली. "ताण उतरला! पूर्ण खाली! मॅडम म्हणतात, एवढ्या झटक्यात सावरणारी टोळी त्यांनी आयुष्यात बघितली नाही. आता यावर वेगळं प्रकरण होणार. मोठ्या परिषदेत माझं भाषण ठेवतायत!"

काटासाहेबांनी ओळखलं की प्रकरण हातातून गेलं. दिलं तर शोध लागतो, नाही दिलं तर दुसरा शोध लागतो. नोकरीत त्यांनी एक किलोचं वजन नऊशे ग्रॅमचं केलेले लोक पाहिले होते. हातातल्या गाजरानं विज्ञान वाकवलेला माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला, तोही आरशात.

तरीही ते गप्प राहिले असते. माणूस पथ्याच्या भीतीनं फार काळ गप्प राहू शकतो. पण एके दिवशी सूनबाई जेवायला बसली आणि बोललीच नाही.

"काय झालं गं?" सासूबाईंनी विचारलं.

"रस्ते खात्याच्या साहेबांचा फोन आला होता. डोंगरातून रुंद रस्ता काढायचाय त्यांना, उरलेलं निम्मं रान जाणार. म्हणाले, तुम्ही फार छान काम केलंत. कमी जंगलातही माकडांचं भागतं, हे आता शास्त्रानंच सांगितलं, आमचा मार्ग मोकळा झाला." तिनं पोळीचा तुकडा नुसताच हातात धरला होता. "आकडे माझेच आहेत. मी स्वतः कुप्या भरल्या, स्वतः तपासल्या. मग मला असं का वाटतंय, की मी काहीतरी खोटं बोलतेय?"

काटासाहेबांनी तोंड उघडलं. तोंडात भोपळा होता.

"आधी गिळा," बायको म्हणाली.

भोपळा गिळायला त्यांना नेहमीच वेळ लागे. तो खाली उतरला, आणि त्याच्याबरोबर धीरही उतरला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मॅडम स्वतः डोंगरटोळी बघायला येणार, असं ठरलं. मॅडम म्हणजे सूनबाईच्या मार्गदर्शक. पांढरे आखूड केस, पायांत बूट, आणि आयुष्यभर माकडांकडे बघून माणसांकडेही तसंच बघायची लागलेली सवय. त्यांना सकाळची टोळी बघायची होती. सूनबाईनं त्या दिवसापुरती रजा काढली.

"वाट तुम्हीच दाखवा त्यांना," बायको काटासाहेबांना म्हणाली. "रोज जाता ना. आज डबा राहू दे, पाहुण्यांपुढं कुठं खात बसता. आल्यावर खा."

सुटायला एवढी सरळ वाट होती. डबा नाही तर पुरावा नाही. माकडं लांबून बघतील, फार तर थोडी जवळ येतील, मॅडम वहीत काहीतरी लिहितील आणि परिषदेत टाळ्या पडतील. काटासाहेब दाराशी घुटमळले. मग परत आत गेले आणि ओट्यावरचा डबा उचलला.

"अहो, राहू दे म्हटलं ना!"

"भूक लागते," काटासाहेब म्हणाले. त्यांनी उकडलेल्या भोपळ्यासाठी हे कारण दिलेलं बायकोनं प्रथमच ऐकलं. ती कमरेवर हात ठेवून ते वळणापलीकडे जाईपर्यंत बघत राहिली.

चढताना सूनबाई हलक्या आवाजात मॅडमना सूचना देत होती. "ही टोळी फार बुजरी आहे, मॅडम. चाळीस-पन्नास पावलांच्या आत येऊ देत नाही. आपण टाकीच्या आडोशाला बसू. बाबा, तुम्ही मागेच थांबा हं, हालचाल करू नका."

काटासाहेब मागे थांबले नाहीत. ते सरळ चालत गेले आणि बाकावर बसले. डबा शेजारी ठेवला आणि दरीकडे तोंड केलं. तोंडानं सांगणं त्यांना जमलं नव्हतं. पण तराजूवर वजन ठेवून दाखवायची सवय त्यांना होती.

"बाबा!" सूनबाई कुजबुजली.

आधी म्हातारी आली. मग तिच्या मागून दोन लेकुरवाळ्या, मग एक आडदांड नर, मग सगळं खटलं झाडांवरून बाकाभोवती उतरलं. म्हातारीनं काटासाहेबांच्या खांद्याला धरून तोल सावरला, बाकावर बसली, कडी खटकन उघडली आणि कप्पे मांडले. वरचा कप्पा तिनं स्वतःकडे घेतला. गाजरांचा पोरांकडे सरकवला. भोपळ्याचा कप्पा तिनं उचलला, हुंगला आणि काटासाहेबांच्या मांडीवर आणून ठेवला.

टाकीआडून पेन्सिल खाली पडल्याचा आवाज आला.

मग मॅडमचा आला. "फारच बुजरी टोळी आहे."

सूनबाई पुढं झाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती ओरडेल, रडेल, निदान 'बाबा, असं कसं केलंत' म्हणेल, याची काटासाहेबांनी वाटभर तयारी केली होती. पण ती बोलली ती कुप्यांवर चिठ्ठ्या लावताना बोलायची त्या आवाजात.

"कधीपासून?"

"उन्हाळा लागायच्या आधीपासून."

"रोज?"

"मधला एक आठवडा सोडून. ताण वाढला तो."

"किती?"

"सगळं. भोपळा सोडून."

"टरफलं?"

"मोड आलेल्या कडधान्यांची. तुझ्या सासूनं भिजवलेली." काटासाहेबांनी मान खाली घातली. "भिंगवाल्या सरांना सांग, वेल आपल्या स्वयंपाकघरात आहे."

सूनबाई काहीतरी बोलणार होती, पण तेवढ्यात वरच्या फांदीवरून एका लेकुरवाळीनं लघवी केली. सूनबाईचा हात आपोआप खिशात गेला. ती धावली, पानांवर साचलेले थेंब कुपीत घेतले, झाकण लावलं, चिठ्ठी लावली. मग कुपी हातात धरून ती तशीच झाडाखाली पाठमोरी उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. काटासाहेब उठायला लागले, तर मॅडमनी त्यांना हातानं थांबवलं.

"राहू द्या जरा," त्या म्हणाल्या. "तुमच्यामुळं तिचं वर्ष गेलंय. हे तिचं तिला मोजू द्या."

मग त्या बाकाच्या टोकाला येऊन बसल्या. म्हातारीनं त्यांच्याकडे संशयानं बघितलं. "आज डबा घरी ठेवला असतात तर आम्हाला कळलंही नसतं."

"हो."

"मग का आणलात?"

"रस्ता होतोय," काटासाहेब म्हणाले. "खोट्या वजनावर."

मॅडमनी त्यांच्या मांडीवरच्या कप्प्यातला भोपळ्याचा एक तुकडा उचलून तोंडात टाकला आणि लगेच त्यांचा चेहरा बदलला. "माकडांचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

उतरताना सूनबाई पुढं चालत होती. एकदाही मागे वळली नाही. मात्र उतार निसरडा होता तिथं ती थांबली आणि न बघताच हात मागे केला. काटासाहेबांनी तो धरला. उतार संपल्यावर तिनं तो सोडवून घेतला.

घरी आल्यावर सगळं सांगून झालं. बेकरीसकट. सासूबाई आधी गाजराविषयीच बोलल्या. "इतकं एकसारखं चिरत होते मी. पहाटे उठून. माकडांसाठी." मग बेकरीविषयी बोलल्या, ते इथं लिहिण्यासारखं नाही. बोलून दमल्यावर त्या खुर्चीत बसल्या आणि कपाळाला आठ्या घालून सुनेकडे वळल्या.

"माकडांची तब्येत कशी होती म्हणालीस?"

"उत्तम, आई."

"साखर?"

"साखर मी मोजत नाही. पण अंगानं भरली होती, शांत होती. केसांना चमक होती."

"बघा!" सासूबाई ताडकन उठल्या. "आणि तो डॉक्टर मला विचारतो, पथ्य नीट देता ना? पथ्य बरोबरच होतं! पोट चुकीचं होतं!"

सूनबाईला हसू आलं असतं, पण ती अजून तिथवर आली नव्हती. ती खोलीत गेली आणि दार लावून मॅडमशी फोनवर बोलत बसली. बाहेर आली ती ठरवून.

"परिषद रद्द. ते दोन्ही शोध रद्द. रस्ते खात्याला कळवते, की आकडे मागे घेतलेत आणि खरे आकडे घेऊन येते. बाबा, तुम्ही उद्यापासून रोज टाकीवर जायचं."

"जायचं?"

"तुम्ही एकदम गायब झालात तर त्यांना पुन्हा ताण येतो, ते आपण बघितलंय. तुम्ही तिथं असायचं, पण द्यायचं काही नाही. त्यांची सवय हळूहळू मोडली पाहिजे. तुम्ही बाकावर बसून डबा स्वतः खायचा. सगळा. मी कॉलेजातून सुट्टी काढून आडोशाला असेन."

"भोपळा पण?"

"भोपळा आधी," सासूबाई आतून म्हणाल्या.

पहिली सकाळ फार वाईट गेली. संपूर्ण टोळी समोर अर्धवर्तुळात बसली होती आणि काटासाहेब डबा छातीशी धरून कडधान्यं चावत होते. म्हातारीनं कडीला हात घातला. त्यांनी डबा उचलला. तिनं दात दाखवले. आडदांड नरानं त्यांची टोपी नेली आणि खाण्यालायक नाही असं पाहून दरीत टाकली. आडोशातून सूनबाईच्या पेन्सिलीची खरखर ऐकू येत होती. तिनं मदत केली नाही.

पुढचे काही आठवडे हेच चाललं. मग टोळी टाकीवर कमी थांबायला लागली. सकाळीच निघायची आणि लांब जायची, अगदी खाणीच्या कड्यापर्यंत. मुळं उकरायची, साली सोलायची. दुपारचं लोळणं संपलं. पोरांची भांडणं वाढली. एके दिवशी म्हातारी बाकासमोरून गेली तेव्हा काटासाहेबांना तिच्या बरगड्या दिसल्या. ती त्यांच्याकडे बघायलाही थांबली नाही.

त्यांचा हात गाजरावर थांबला.

"बाबा," आडोशातून आवाज आला.

"नाही, देत नव्हतो. एकच... नाही."

सूनबाई बाहेर आली आणि बाकावर बसली. तिचे डोळे लाल होते. "मलाही द्यावंसं वाटतंय. पण हा डोंगर आता त्यांना पुरत नाही, हे खरं आहे. आपण दिलं तर ते दिसणार नाही. आणि दिसलं नाही तर उरलेलाही जाईल."

काटासाहेबांनी गाजर तोंडात टाकलं आणि चावत राहिले. सूनबाई उठेपर्यंत दोघं तिथंच बसून होती.

पाऊस पडायच्या आत तिचे आकडे तयार झाले. रस्ते खात्यात भेटीची वेळ मिळाली तेव्हा तिनं सासऱ्यांनाही बरोबर घेतलं. कशाला, ते सांगितलं नाही. काटासाहेबांनीही विचारलं नाही. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला.

साहेबांनी आकडे वरवर चाळले. मोठा पंखा, मोठं टेबल, भिंतीवर डोंगराचा नकाशा, आणि त्यावर लाल पेन्सिलीनं सरळ मारलेली रस्त्याची रेघ. "हे कसं काय?" ते म्हणाले. "आधी म्हणालात टोळी धडधाकट आहे. आता म्हणता उपाशी आहे. शास्त्र आहे की हवामानाचा अंदाज? दोन महिन्यांपूर्वीचा आकडा आमच्या सोयीचा होता म्हणून तुम्ही तो बदललात, असं कुणी म्हटलं तर?"

सूनबाईनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण काटासाहेब आधीच उभे राहिले होते.

"आधीचा आकडा खोटा होता," ते म्हणाले. "खोट मी घातली होती. मी त्या माकडांना रोज सकाळी माझा डबा देत होतो. हिला माहीत नव्हतं."

साहेबांनी चष्मा वर केला. "तुम्ही कोण?"

"मी हिचा सासरा. वजनमाप खात्यात निरीक्षक होतो."

"निरीक्षक! आणि डबा का देत होता?"

काटासाहेबांनी सुनेकडे बघितलं. मग नकाशाकडे बघितलं. "मधुमेह आहे मला," ते म्हणाले. "पथ्याचा डबा होता. उकडलेला भोपळा असायचा."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बिनमिठाचा?" साहेबांनी हळूच विचारलं.

"बिनमिठाचा."

साहेबांनी दाराकडे एकदा बघितलं, दार लागलेलं आहे याची खात्री केली, आणि खुर्चीत मागे रेलले. "आमच्याकडे दुधी असतो," ते म्हणाले. सूनबाईनं खालचा ओठ दाताखाली धरला होता, तरी तिला हसू आवरलं नाही. टाकीवरच्या त्या सकाळनंतर काटासाहेबांनी ते पहिल्यांदाच ऐकलं, आणि त्यांना एकदम बसावंसं वाटलं. ते बसले.

"बरं," साहेब म्हणाले. त्यांनी तिचे कागद परत पुढं ओढले, या वेळी पहिल्या पानावर. "बोला बाई. पहिल्यापासून सांगा."